वेड्यात काढण्याचे माप

आमच्या विभागातील एका वृद्ध प्रचारकांची कन्या एका मोठ्या शहरातील रुग्णालयात परिचारिका आहे. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत ती गावी आली, तेव्हा वडिलांसह आम्हांस सलाम करावयास आली. चहा झाला, पिकापाण्याची व मंडळीची बोलणी झाली. वडील उठून ओसरीवर जाऊन बसले असता तिने एकाएकी आम्हांस विचारले, “साहेब, एखादे काम आपण आपल्या हातांनी केले असे पक्के आठवते, आणि ते आपण केलेलेच नसते, असे माणसाचे होते का?”

आम्हांस प्रश्नाचा रोख कळला नाही. तेव्हा तिने हळूहळू सर्व सांगितले. रात्रपाळीत एका रुग्णाचा प्राणवायूचा सिलिंडर संपत आला आहे, हे तिने वॉर्डाच्या इंचार्ज सिस्टरला दोनदा सांगितले होते. सकाळी डॉक्टर रागावले, तेव्हा इंचार्जबाई सर्वांसमक्ष म्हणाल्या, “ही मला काहीच बोलली नाही. हिला असे भास होतात.” पुढे हेच चालू राहिले. रजेचा अर्ज हातात दिला, तो दिलाच नव्हता असे ठरले. ड्यूटी तोंडी बदलून दिली, ती बदललीच नव्हती असे ठरले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले की “फार हळवी आहेस ग, एवढीशी थट्टा कळत नाही,” आणि तिने नेटाने उत्तर दिले की “पाहा, हिचे डोके ठिकाणावर नाही.” आठ महिन्यांत त्या मुलीची अशी दशा झाली की, इंजेक्शन देऊन सही केल्यावर ती परत जाऊन रिकामी बाटली पाही, आणि खोलीवर गेल्यावर सलाईन बंद केले की नाही म्हणून मध्यरात्री मैत्रिणीला फोन करी.

आणि आम्ही काय केले? आम्ही तिला नम्रता व सहनशीलता ह्यांविषयी पाऊण तास बोध केला. वरिष्ठांचा मान राखावा, दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळापेक्षा आपल्या डोळ्यातील मुसळ आधी पाहावे, असे सांगितले. ती मान खाली घालून ऐकत होती. जाताना “बरे, साहेब” एवढेच म्हणाली. जी मुलगी आधीच स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवू लागली होती, तिला आम्ही तुझ्या डोळ्यांत दोष आहे काय ते पाहा, असा उपदेश केला. आजचा लेख त्या पाऊण तासामुळे लिहिला जात आहे.

गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा आली, आणि तिने पिशवीतून एक छापील कागद काढून आमच्या पुढे ठेवला. परिचर्येचे उच्च शिक्षण घेणाऱ्या कोणा विद्यार्थिनीने तिच्या वॉर्डात प्रश्नावली वाटली होती. वरिष्ठ आपल्या अडचणी क्षुल्लक मानतात काय, घडलेली गोष्ट घडलीच नाही असे सांगतात काय, त्यांच्याशी बोलल्यावर आपला आपल्यावरचा भरवसा उडतो काय, अशा अर्थाचे प्रश्न होते, आणि प्रत्येकापुढे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच रकाने. नाव लिहावयाचे नव्हते. “साहेब, वाचा. ह्यात सगळे माझेच लिहिले आहे,” ती म्हणाली. आम्ही विचारले, “मग तू काय उत्तरे दिलीस?” ती म्हणाली, “सगळीकडे ‘कधीच नाही’. कागद इंचार्ज मॅडमच्या टेबलाच्या खणात ठेवायचे होते ना. हा एक कोरा मी जास्तीचा आणला.”

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मुली व सुना हेच काम करीत असल्यामुळे तो त्यांच्यापुढे मांडणे उचित वाटते. एका मनाने दुसऱ्या मनावर असा कुटिल ताबा मिळवावा, हे मोजता येते काय? आणि येत असल्यास त्या मापावर किती विसंबावे?

प्रथम ह्या कृत्याचे नाव पाहू. आपल्या भाषेत ‘वेड्यात काढणे’ हा वाक्प्रचार घरोघर आहे. इंग्रजीत ह्यास जो शब्द रूढ झाला आहे, तो पॅट्रिक हॅमिल्टन ह्या लेखकाच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ ह्या नाटकावरून आला. त्यात पती आपल्या पत्नीची बुद्धी भ्रमिष्ट झाली आहे असे तिला पटवू पाहतो. घरातील गॅसचे दिवे मंद होताना ती पाहते, आणि तो तिचा निव्वळ भ्रम ठरतो. त्यावर १९४० साली इंग्लंडात व १९४४ साली अमेरिकेत चित्रपट निघाले. पुढे तो शब्द इतका पसरला की, २०२२ साली मेरियम-वेब्स्टर ह्या अमेरिकन शब्दकोशाने त्यालाच वर्षाचा शब्द म्हणून निवडले. साधे खोटे बोलणे व हे कृत्य ह्यांत भेद आहे. खोटे बोलणारा आपल्यापासून एक वस्तुस्थिती लपवितो. पण आपण खरे-खोटे पारखू शकतो हा आपला विश्वास तो शिल्लक ठेवतो. वेड्यात काढणारा त्या पारखण्याच्या शक्तीवरच घाव घालतो. साक्ष खोटी आहे असे तो म्हणत नाही. साक्षीदारच वेडा आहे असे म्हणतो, आणि तेही साक्षीदाराकडून कबूल करवून घेतो.

आता हे परिचारिकांच्या धंद्यात इतके सुलभ का व्हावे? मिरज, वेल्लोर येथील मिशन रुग्णालयांच्या दिवसांपासून आमच्या मंडळ्यांतील मुली हे काम करीत आल्या आहेत, म्हणून आम्हांस ह्याची थोडी माहिती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ७९ लक्ष परिचारिका व परिचारक होते, आणि त्यांपैकी दहांतील नऊ स्त्रिया. काम उतरंडीचे: डॉक्टर, मेट्रन, इंचार्ज, स्टाफ, विद्यार्थिनी. बरेचसे हुकूम तोंडी, बरेचसे रात्री, आणि घाईत. परंतु खरे कारण आम्हांस ह्याहून खोल दिसते. चांगली परिचारिका स्वतःवर संशय घेते. औषधाचे नाव दोनदा वाचावे, मात्रा दोनदा पाहावी, रुग्णाचे नाव पुन्हा विचारावे, हे तिला शिकविलेले असते, कारण तिची एक चूक एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. हा आत्मसंशय तिच्या धंद्यातील मोठा सद्गुण होय. कुटिल वरिष्ठाला नवे शस्त्र घडवावे लागत नाही; तो तिचा हा सद्गुणच उचलतो आणि त्याने तिला मारतो. निष्काळजी मुलीला ‘तू विसरलीस’ म्हटले तर ती खांदे उडवील. जी दक्ष आहे तिलाच ते लागते.

मोठ्या आवाजापुढे डोळ्यांनी पाहिलेले कसे हरते, ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे, आणि ते आमच्या मनातून जात नाही. १९६६ साली हॉफलिंग नावाच्या मानसरोगतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी एका प्रयोगाचे वृत्त प्रसिद्ध केले. रात्री वॉर्डात एकट्या असलेल्या परिचारिकेस फोन येई. बोलणारा अनोळखी डॉक्टर अमुक रुग्णास ‘ॲस्ट्रोटेन’ नावाच्या औषधाचे २० मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करीन, असे सांगे. औषधाच्या डबीवर दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम असे स्पष्ट छापलेले होते. फोनवरील हुकमावरून औषध देऊ नये असा रुग्णालयाचा नियम होता, आणि हे औषध मान्य यादीतही नव्हते. (औषध वस्तुतः निरुपद्रवी साखर होती.) २२ परिचारिकांपैकी २१ जणी औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या, त्यांस वाटेत थांबविण्यात आले.

ह्या प्रयोगाचा दुसरा भाग आमच्या विषयास अधिक लागू आहे. असा फोन आला तर तुम्ही काय कराल, असे अन्य परिचारिकांस व विद्यार्थिनींस केवळ विचारण्यात आले होते. १२ परिचारिकांपैकी १० जणींनी व २१ विद्यार्थिनींपैकी सर्वच्या सर्व २१ जणींनी, आम्ही औषध देणार नाही, असे सांगितले. त्या खोटे बोलत होत्या असे आम्ही म्हणत नाही. आपल्यावर दुसऱ्याच्या अधिकाराचा किती ताबा चालेल, हे माणसाला आधी ठाऊक नसते एवढेच. कागदावरील उत्तर आणि रात्री दोन वाजताचे कृत्य ह्यांत असे अंतर असते.

सुमारे दहा वर्षांनंतर, १९७७ साली, रँक व जेकबसन ह्यांनी तसाच प्रयोग थोडा फेरफार करून केला. औषध परिचारिकांच्या ओळखीचे होते, आणि त्यांस आपापसांत विचारविनिमय करण्यास मोकळीक होती. ह्या वेळी १८ पैकी १६ जणींनी हुकूम मानला नाही. दोन्ही प्रसंग तंतोतंत सारखे नव्हते, त्यामुळे ह्यांतून फार मोठा सिद्धांत काढणे बरोबर नाही. तथापि ‘ग, हे बघ, मला बरोबर दिसते आहे ना?’ असे विचारण्यास शेजारी कोणी असले म्हणजे डोळ्यांना बळ येते, हे आपल्या अनुभवाशी जुळते. म्हणूनच वेड्यात काढणारा पहिल्याने माणसाला एकटे पाडतो.

आता मापाकडे वळू. हे माप काल-परवाचे नाही. स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना होते, आणि त्यांच्या आरंभीच्या अभ्यासात ज्यांनी अशा छळामुळे जीव देण्याचा यत्न केला त्या परिचारिकांची प्रकरणे होती. त्यांनी छळाच्या ४५ कृतींची यादी केली, आणि अशी कृती आठवड्यातून निदान एकदा व निदान सहा महिने होत असेल तर तिला छळ म्हणावे, अशी रेषा आखली. त्या देशाने १९९३ साली ह्याविषयी सरकारी नियमही केला. पुढे नॉर्वेतील बर्गेन येथील अभ्यासकांची २२ प्रश्नांची यादी जगभर वापरात आली. वेड्यात काढण्याच्या ह्या विशिष्ट प्रकारासाठी भारतातील दोघा अभ्यासकांनी २०२३ साली १२ प्रश्नांचे माप प्रसिद्ध केले. त्यात दोन अंगे धरली आहेत: माणसाच्या म्हणण्यास क्षुल्लक ठरविणे हे एक, व त्यास पीडा देणे हे दुसरे. ग्रीस देशातील अभ्यासकांनीही असे माप तयार केले असून तेथील परिचारिकांना लावून पाहिले आहे. त्यात स्वतःवरील विश्वास गमावणे व सत्तेचा गैरवापर अशी दोन अंगे आहेत. ‘कधीच नाही’, ‘क्वचित’, ‘कधी कधी’ असे रकाने करून त्यांस गुण देण्याची रीत मात्र जुनी, १९३२ सालची, लायकर्ट नावाच्या अमेरिकन पंडिताची आहे.

आमचे काही बंधू म्हणतील, मनाचे दुःख हे काय जोंधळे आहेत की पायलीने मोजावे? आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु मोजणे म्हणजे निर्दयता, ही समजूत परिचर्येच्या इतिहासाशी जुळत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंना लोक हातात दिवा घेतलेली सेविका म्हणून ओळखतात. पण क्रिमियाच्या युद्धानंतर, १८५८ साली, त्यांनी मृत्यूंचे आकडे चित्ररूपाने मांडून दाखविले की, शिपाई तरवारीने व गोळीने मेले त्याहून कितीतरी अधिक रोगराईने, म्हणजे टाळता येणाऱ्या कारणांनी मेले. एकेका शिपायाच्या खाटेपाशी रडून जे सिद्ध झाले नसते, ते आकड्यांनी सिद्ध झाले. तेव्हा मोजण्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती कशाने मोजतो हे विसरण्यास.

पायलीचेच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या वाचकांस चांगले परिचित आहे. एखाद्या वाण्याच्या पायलीचा तळ आत ठोकलेला आहे. तिने दहा वेळा मोजा, दहाही वेळा माप सारखेच येईल. गावातील दहा जणांनी मोजले तरी सारखेच येईल. माप स्थिर आहे, पण खरे नाही. प्रश्नावलीचे पंडित एक आकडा काढतात, त्यास क्रॉनबाख ह्या गृहस्थांचे नाव आहे. त्यांनी तो १९५१ साली मांडला. सर्व प्रश्नांची उत्तरे परस्परांशी किती जुळतात, हे तो सांगतो. आकडा चांगला आला की पुष्कळजण समाधान पावतात. पण आमच्या ह्या मुलीने प्रत्येक प्रश्नापुढे ‘कधीच नाही’ लिहिले, आणि तिच्या मैत्रिणींनीही बहुधा तेच लिहिले असावे. उत्तरे परस्परांशी उत्तम जुळली. तळ आत ठोकलेला होता, एवढेच. खरे अभ्यासक हा भेद जाणतात, आणि स्थैर्य निराळे व सत्यता निराळी असे आपल्या विद्यार्थ्यांस शिकवितात, हे येथे सांगितले पाहिजे. दोष मापाचा कमी व ते घाईने लावणाऱ्याचा अधिक आहे. कागद कोणाच्या खणात ठेवावयाचा, ही बाब त्या विद्यार्थिनीस क्षुल्लक वाटली असेल. सारे माप त्या खणात बुडाले.

ह्याहून कठीण एक अडचण आहे, आणि ती खण बदलून सुटत नाही. हातपाय मोडलेल्या माणसाला ‘दुखते का’ म्हणून विचारता येते, कारण दुखणे सांगणारी जीभ शाबूत असते. येथे ज्याची पारख मोडली त्याच्याच पारखीला आपण साक्षीस बोलावितो. ‘तुमचे वरिष्ठ खऱ्या गोष्टी नाकारतात काय?’ ह्या प्रश्नाला ‘होय’ म्हणावयास ती गोष्ट खरी होती हा विश्वास उरलेला असावा लागतो. ज्या परिचारिकेवर हा प्रयोग पुरता यशस्वी झाला, ती म्हणेल, ‘नाही, मॅडम बरोबरच असतात, माझ्याच ध्यानात राहत नाही.’ तिचा गुण शून्य येईल. अर्धवट जखमी झालेलीचा गुण मात्र पुष्कळ येईल. म्हणजे जखम फार खोल गेली की हे माप ती दाखवीनासे होते. ह्यास्तव अशा प्रश्नावलीत केवळ वरिष्ठांचे वर्तन न विचारता, ‘अलीकडे स्वतःच्या स्मरणावरचा भरवसा कमी झाला आहे काय’ असेही विचारतात, हे आम्हांस शहाणपणाचे वाटते. जिला चोर दिसत नाही तिला निदान घर रिकामे झालेले दिसते.

आंधळा जन्मलेल्या मनुष्याची कथा आमच्या वाचकांस तोंडपाठ आहे. त्याला दृष्टी आली, आणि परूशी मंडळींनी त्याला दोनदा बोलावून, जे घडले ते घडलेच नाही असे त्याच्याच तोंडून वदवून घेण्याचा यत्न केला. आईबाप भिऊन बाजूला झाले, मुलाला विचारा म्हणाले. तो एका गोष्टीला धरून राहिला, जी त्याला पक्की ठाऊक होती. आम्ही हा भाग कैक वेळा वाचून दाखविला आहे. पण त्या आईबापांच्या जागी आपण बसलो आहोत, हे त्या नाताळात आमच्या ध्यानात आले नाही.

आता दुसरी बाजू. इंचार्जबाईंची बाजू आम्ही ऐकलेली नाही, आणि ती ऐकल्यावाचून निवाडा करणे आमच्या व्यवसायास शोभणार नाही. चाळीस खाटा, दोन सिस्टर, वर डॉक्टर, खाली नातेवाइकांचा गलका. अशा रात्री कोणी दोनदा सांगितलेले खरोखरच ध्यानात न राहणे शक्य आहे. शिवाय मुलींच्या चुका होतात, आणि त्या दाखविणे इंचार्जचे कर्तव्यच आहे. ज्या दिवशी प्रत्येक सुधारणेला छळ म्हणू, त्या दिवशी रुग्णाला वाली उरणार नाही. प्रश्नावली हेतू मोजीत नाही. ती घाव मोजते. घाव घालणाऱ्या हाताने जाणूनबुजून घातला की घसरून लागला, हे तिला सांगता येत नाही. म्हणून एका मुलीच्या गुणांवरून एका बाईस शिक्षा करणे, हा त्या मापाचा दुरुपयोग होईल. मात्र वर्षानुवर्षे एकाच वॉर्डातील मुलींचा भरवसा ढासळत असेल, आणि शेजारच्या वॉर्डात तसे नसेल, तर ‘ही पोरच हळवी’ हे उत्तर पुरत नाही. तेथे वॉर्डाला विचारले पाहिजे. हा ह्या मापाचा खरा उपयोग आम्हांस दिसतो: ते प्रश्न मुलीवरून उचलून वॉर्डावर ठेवते.

सुधारणे व वेड्यात काढणे ह्यांतील फरक ओळखावयाची एक साधी खूण त्या मुलीनेच आम्हांस सांगितली. तिच्या पहिल्या वॉर्डात एक मल्याळी सिस्टर इंचार्ज होत्या. फार कडक. चूक झाली की त्या नोंदवही उघडून बोट ठेवीत: ही वेळ, ही सही, हे चुकले. मुलगी रडे, पण पुन्हा ती चूक करीत नसे. दुसऱ्या इंचार्जबाई नोंदवही कधी उघडत नसत. उघडू देतही नसत. “कागद काय दाखवितेस मला?” म्हणत. पहिली बाई मुलीला पुराव्याकडे नेई, दुसरी पुराव्यापासून दूर. पहिलीच्या रागाने मुलीची पारख तीक्ष्ण झाली. प्रश्नावली करणाऱ्या पंडितांनी ह्या खुणेचा विचार करावा असे सुचविण्याचा आम्हांस अधिकार नाही, तरी सुचवून ठेवतो.

रेषेविषयीही थोडे लिहिले पाहिजे. आठवड्यातून एकदा, सहा महिने. मग पाच महिने झाले तर काय? दर पंधरवड्यास एकदा झाले तर काय? कोठे तरी रेषा आखावीच लागते, नाहीतर गणती करता येणार नाही, हे आम्ही समजतो. पण गणतीची रेषा ही पापाची रेषा नव्हे. लेमन ह्यांनी ती अभ्यासाच्या सोयीसाठी आखली. एकदाच सर्वांदेखत ‘हिला भास होतात’ म्हटलेले एखादीच्या जन्मभर पुरते. आणि ‘कधी कधी’ व ‘वारंवार’ ह्यांतील अंतर ‘क्वचित’ व ‘कधी कधी’ ह्यांतील अंतराइतकेच असते, असे गजपट्टीप्रमाणे कोणी सिद्ध केलेले नाही. बेरजेसाठी ते तसे धरून चालतात. आमच्या देशात २०१३ सालच्या कायद्याने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समिती नेमणे बंधनकारक झाले. पण तोंड दाबून बुक्क्यांचा हा जो मार आहे, त्याचा वळ अंगावर उठत नाही आणि तो त्या कायद्यातही बसत नाही.

त्या दुपारी मुलीने आमच्या मेजाशी बसून तो कोरा कागद भरला. ह्या वेळी खरा. आम्ही बेरीज केली, आकडा मोठा आला, आणि त्या आकड्याचे काय करावे हे आम्हां दोघांसही कळेना. परंतु भरताना ती एका प्रश्नापाशी बराच वेळ थांबली, आणि मग जे वडिलांसही सांगितले नव्हते ते तिने सांगितले: एका रात्री तिने स्वतःच्या हाताने दिलेले इंजेक्शन, आपण दिले नसेल अशा भीतीने, दुसऱ्यांदा भरून घेतले होते. रुग्णाच्या मुलाने “सिस्टर, आत्ताच दिले ना?” म्हटले म्हणून ती थांबली. येथवर गोष्ट आली होती. आमच्या पाऊण तासाच्या बोधानंतर तीन आठवड्यांनी ही रात्र आली होती. आम्ही तिची क्षमा मागितली. ती ओशाळली, “साहेब, तुम्ही कशाला,” म्हणाली. पण आम्ही ती वडिलांच्या समक्ष पुन्हा मागितली, कारण घरी कोणी तिचे खरे मानावे ह्याची तिला गरज होती.

आता ती घडलेली गोष्ट त्याच दिवशी, तारीख व वेळ घालून, एका वहीत लिहिते, आणि ड्यूटीचा बदल तोंडी सांगितला की मोबाईलवर एका ओळीत विचारून घेते, “मॅडम, उद्या रात्रपाळी ना?” पुष्कळदा उत्तर येत नाही. तरी विचारलेले राहते. तिने बदलीचा अर्ज केला आहे व तो अद्याप मंजूर झालेला नाही. त्याच वॉर्डातील आणखी दोघी आता तशाच वह्या ठेवतात.

तो कागद मात्र आमच्याजवळच राहिला, आणि त्याने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. एका संध्याकाळी तो वाचताना आम्ही ‘वरिष्ठ’ ह्या शब्दाच्या जागी स्वतःस घालून पाहिले. आमच्या हाताखाली तीन प्रचारक काम करतात. मागील वर्षी त्यांतील एकास आम्ही सभेच्या तारखेविषयी म्हटले होते, “मी ती तारीख सांगितलीच नव्हती, तुमचेच ऐकण्यात चुकले.” तो बिचारा गप्प राहिला. पुढे आमच्याच रोजनिशीत ती तारीख आमच्याच हस्ताक्षरात सापडली. आम्ही पान उलटले आणि त्याला काहीच सांगितले नाही. तेव्हा ती केवळ विसर होती. पान उलटल्यानंतर ती विसर राहिली नाही.

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही प्रथम त्या बंधूंस ते पान दाखविले, आणि मग ते प्रश्न आपल्या कामास लागू पडतील असे थोडे बदलून तिघांसही कागद दिले. नाव घालावयाचे नाही, आणि कागद आमच्याकडे न देता शेजारच्या मंडळीतील एका वडील गृहस्थांस टपालाने पाठवावयाचा. त्यांनी केवळ एकत्र बेरीज आम्हांस सांगावी, असे ठरले आहे. त्या गृहस्थांकडे आजवर दोन कागद आले आहेत. तिसरा अजून आलेला नाही, आणि तो कोणाचा हे आम्ही विचारलेले नाही.